शेवटच्या नळाची घंटी

मन्मथआप्पा कुणाच्याही घरी वायरिंगला गेले की पिशवी खाली ठेवण्याआधी विचारत, "घरात सगळ्यात बुटकं कोण हाय?"

आमच्या घरी त्यांनी हे विचारलं तेव्हा आईला राग आला होता. बाबांची बँकेतली बदली होऊन आम्ही नुकतेच औरंगाबादहून आलो होतो. सामान अजून खोक्यांतच होतं. आणि समोर पांढरा सदरा, धोतर, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग असा एक माणूस उभा राहून डोळ्यांनी तिची उंची मोजत होता, कारण घरात सगळ्यात बुटकी आईच होती. आप्पांनी तिला भिंतीजवळ उभं केलं, हात सहज पुढे करायला सांगितला आणि तिची बोटं टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली. घरातली सगळी बटणं त्या खुणेवर बसली. बाबांना दिवा लावायला वाकावं लागायचं.

"साहेब, तुमाला वाकता येतंय," आप्पा म्हणाले, "बाईंना उंच होता येत न्हाई."

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथे आहेत. बीड जिल्ह्यातलं, नांदूरघाटच्या बाजूची माणसं बाजाराला येत एवढं मोठं गाव. नगरपालिका होती, एक सिनेमाचं थेटर होतं आणि नऊ गल्ल्या होत्या. उन्हाळ्याच्या दुपारी गाव असं पांढरं पडायचं की घरांच्या कडा पुसल्यासारख्या वाटायच्या. त्या पांढऱ्या उजेडात आप्पांची सायकल आधी ऐकू यायची आणि मग हळूहळू दिसायची.

मी तेव्हा अकरावीत होते. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. माझं मराठी पुस्तकासारखं यायचं. कॉलेजात पहिल्याच दिवशी मी 'कृपया' म्हणाले आणि मागच्या बाकावरच्या मुली आठवडाभर मला कृपया म्हणूनच हाक मारत होत्या. त्यानंतर मी बोलणं कमी केलं. आप्पांना माझा उपयोग झाला तो यामुळेच. त्यांना बोलणारं माणूस नको होतं, वाचणारं हवं होतं.

त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवं येत होतं. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या, गच्चीवर भल्यामोठ्या जाळीदार छत्र्या आल्या, केबल आली. औरंगाबादच्या दुकानात मिळणाऱ्या इवल्याशा भागांबरोबर बोटभर इंग्रजी कागद यायचे. आप्पा ते घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि संध्याकाळी आमच्या दारात उभे राहायचे.

"माय, हे काय म्हणतंय बग बरं."

मी वाचायचे. मला शब्द कळायचे, अर्थ कळायचा नाही. त्यांना शब्द कळायचे नाहीत, पण मी अडखळत मराठीत सांगितलं की अर्थ आधीच माहीत असल्यासारखे मान हलवायचे. "म्हणजे थोड्यावर मोठं हलतंय. बरोबर. दाराच्या कडीसारखं." मग कागद परत खिशात.

त्यांचं दुकान नगरपालिकेच्या गाळ्यांमध्ये कोपऱ्यावर होतं. आत रेडिओ, पंखे, मोटारी, सगळे पोट उघडं टाकून पडलेले. प्रत्येक रेडिओला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असायची. मला वाटायचं, काय बिघडलं ते लिहिलं असेल. एकदा वाचून पाहिलं. 'पहाटंची भजनं.' दुसऱ्यावर 'बाजारभाव, थोडं नाटक.' तिसऱ्यावर 'काहीही, घरात आवाज पाहिजे.'

मी विचारल्यावर आप्पा म्हणाले, "भजनं ऐकणाऱ्याला क्रिकेट लावून दाखवलं अन् म्हणलं, झाला दुरुस्त, तर त्याला पटंल का? त्याचं जे हाय ते लागलं तर दुरुस्त."

आणि एक सवय होती, ती बघून माझ्या अंगावर काटा यायचा. कमी दाबाची कुठलीही तार दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ते तिचं टोक स्वतःच्या जिभेला लावून बघायचे. डोळे मिटून, चव घेतल्यासारखे. "आपल्या जिभेला चालली तर लोकाच्या हाताला चालंल," म्हणायचे.

केबलवाल्याने गावभर तारा टाकायचं काम आप्पांना दिलं तेव्हाची गोष्ट. त्याला घाई होती. क्रिकेटचे सामने तोंडावर आले होते. तो म्हणाला, या गच्चीवरून त्या गच्चीवर सरळ ताणा आणि मोकळे व्हा. आप्पा चार दिवस कामालाच आले नाहीत. केबलवाला चिडून शोधायला गेला, तर ते वेशीजवळ हातात एक लांब बांबू घेऊन बसलेले. सुगीचे दिवस होते. कडब्याने भरलेल्या गाड्या येत होत्या, आणि आप्पा प्रत्येक गाडीपाशी बांबू उभा करून खूण करत होते.

"आप्पा, हे काय लावलंय?"

"सगळ्यात उंच गाडी कोणाची ते पाहतोय. अन् वर बसलेल्या माणसाला मोजतोय. बसल्यावर किती, उभा राहिल्यावर किती."

"अहो, लोक टीव्हीची वाट पाहून राहिलेत!"

"टीव्ही बघणाऱ्याचं ठीक हाय बाबा, तो घरात बसलेला हाय. गाडीवर झोपून येणाऱ्याची मान कुणी बघायची?"

गावातल्या केबलच्या तारा अशा उंच गेल्या की पोरांचे पतंगसुद्धा त्यांच्या खालून उडत. पहिला सामना हुकला. केबलवाला वर्षभर हे सगळ्यांना सांगत होता, आणि सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही असायचा.

आता पाण्याचं.

गावाला आठव्या दिवशी पाणी यायचं. दिवस ठरलेला, वेळ नाही. पहाटे येईल, दुपारी येईल, दिवे लागताना येईल. नळाला जोर नसल्यामुळे प्रत्येकाने अंगणात खड्डा खणून नळ खाली नेलेला, आणि बायका त्या खड्ड्यात उतरून घागरी भरायच्या. पाण्याच्या दिवशी गावातल्या बायका कुठे जात नसत. शेतावर नाही, दवाखान्यात नाही. कॉलेजात त्या दिवशी मुलींचे बाक अर्धे रिकामे असायचे. आप्पा एकदा गाळ्याच्या पायरीवर बसून म्हणाले, "अख्ख्या गावातल्या बाया आठवड्यातला एक दिवस नुसता कान लावून बसतेत. एवढे कान वाया जातेत, माय."

आणि ते घंटीच्या मागे लागले.

पाणी सोडायचं काम बाबूमियाँकडे होतं. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते गल्लीगल्लीच्या तोंडाशी जायचे, जमिनीतलं झाकण उचलायचे आणि चावी फिरवायचे. ते आणि आप्पा लहानपणापासूनचे दोस्त. आप्पांनी प्रत्येक झाकणाखाली एक खटका बसवला. चावी फिरली की गल्लीत घंटी वाजणार.

"क्या बे मन्मथ," बाबूमियाँ चौकात सगळ्यांदेखत ओरडले, "मेरी चावी को घंटी बांधी तूने. मैं क्या बकरी हूँ?"

"बकरी दूध तरी देती बे. तू पाणी दे फक्त."

पहिल्या पाण्याला नऊच्या नऊ घंट्या वाजल्या. बायका रस्त्यावर येऊन हसत होत्या. ज्या त्या दिवशी शेतावर गेल्या होत्या, त्या बांधावरून धावत आल्या आणि त्यांनाही पाणी मिळालं. आप्पा गाळ्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. दूरची घंटी जवळच्या घंटीपेक्षा उशिरा आणि मऊ ऐकू यायची. झोपेत कुणी हाक मारावी तशी.

तिसऱ्या पाण्याला गडबड झाली. त्या दिवशी गावाची उंचावरची टाकी अर्धीच भरली होती. बाबूमियाँनी नेमाप्रमाणे चाव्या फिरवल्या, घंट्या वाजल्या, आणि पाणी गल्लीच्या अर्ध्यापर्यंत जाऊन थांबलं. चिंचगल्लीच्या शेवटच्या घरात गयाबाई राहायची. एकटी, पन्नाशीची, जिनिंगवर कापूस निवडायला जाणारी. तिने जिनिंगच्या आवारात घंटी ऐकली, मुकादमाला सांगून धावत घरी आली, खड्ड्यात उतरून बसली. नळ नुसता फुसफुसत राहिला. तिची अर्ध्या दिवसाची हजेरी गेली, आणि उद्यापासून येऊ नको असं ऐकावं लागलं ते वेगळं.

आप्पांना हे संध्याकाळी कळलं. त्यांनी गाळा तसाच उघडा टाकला आणि चिंचगल्लीत गेले. मी त्यांच्या मागे होते, कारण त्यांनी कागद माझ्या हातात दिला होता आणि परत घ्यायला विसरले होते. त्यांनी गयाबाईच्या अंगणात उभं राहून हात जोडले.

"गयाबाई, चूक माझी हाय."

ती चूल फुंकत होती. वळूनही न बघता म्हणाली, "तुमची कशाची चूक आप्पा. तुमी घंटी लावली, ती वाजली."

"खोटी वाजली."

"खोटी न्हाई." आता तिने वळून पाहिलं. "चावी फिरली, तवा वाजली. तुमची घंटी पाण्याची न्हाई, चावीची हाय. आमाला चावीचं काय करायचं? आमाला पाण्याचं कळू द्या."

आप्पा बराच वेळ तिथे उभे होते. चिंचेची बारीक पानं त्यांच्या खांद्यावर पडत होती आणि ते झटकत नव्हते. परतताना म्हणाले, "शाळंत गेली न्हाई कधी. अन् बग, मला जे सुचलं न्हाई ते चुलीपुढं बसून बोलली." दुसऱ्या दिवशी ते जिनिंगवर जाऊन मुकादमाशी बोलले आणि तिचं काम परत मिळवून आले. मग नऊ गल्ल्यांत दारोदार फिरून सांगितलं की घंटी काही दिवस बंद राहील, चूक माझी आहे. काही जण हसले. एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, ह्या गावात चूक सांगायला कुणी आलेलं मी तर पाहिलं न्हाई. बसा, चहा घ्या."

पुढचे दोन महिने त्यांनी माझ्याकडून इतके कागद वाचून घेतले की माझं मराठी सुधारलं. शेवटी जे बनलं ते बघायला अगदी साधं होतं. प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या घरातल्या खड्ड्यात, नळाखाली एक छोटा डबा. डब्यात दोन खिळे. पाणी येऊन खिळ्यांना टेकलं की गल्लीची घंटी वाजायची. डब्याच्या बुडाला सुईएवढं भोक होतं. पाणी गेलं की डबा आपोआप रिकामा व्हायचा आणि पुढच्या वेळेसाठी तयार राहायचा. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक गल्लीला बॅटरीचे वेगळे सेल. घंटी आता चावी फिरल्यावर वाजत नव्हती, पहिल्या घरी पाणी आलं तरी वाजत नव्हती. गल्लीतल्या शेवटच्या माणसाला पाणी मिळालं, की वाजायची.

"आणि मधल्या घरांना?" मी विचारलं.

"शेवटच्याला आलं म्हणजे मधल्यांना आलंच की. उलटं मात्र खरं न्हाई."

त्यासोबत एक फळा केला. नऊ बारके दिवे, नऊ गल्ल्यांचे. नगरपालिकेचे इंजिनियर म्हणाले, फळा ऑफिसात माझ्या खुर्चीमागे लावा, छान दिसेल. आप्पांनी तो बाहेरच्या भिंतीवर लावला, चौकाकडे तोंड करून. "साहेब, पाणी ज्याचं, दिवा त्याला दिसाया पाहिजे. तुमाला बघायचा तर खिडकी हाय." मला त्यांनी गल्ल्यांची नावं रंगवायला सांगितली. मी सुबक अक्षरांत रंगवली. त्यांनी लांब उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "ज्याला वाचता येत न्हाई त्याचं काय?" मग मी प्रत्येक नावाशेजारी चित्र काढलं. ऐरण, मिनार, कडुलिंब, विहीर. चिंचगल्लीसाठी वाकडी चिंच. चौकात, भर माणसांत, स्टुलावर उभी राहून मी हे काम तीन दिवस केलं. कुणी मला कृपया म्हणालं नाही.

फळा लागला त्यानंतरचं पहिलं पाणी दिवे लागणीच्या सुमारास आलं. चौकात माणसं जमली होती. आधी कडुलिंबाचा दिवा लागला, आणि लांबून त्याची घंटी आली. मग विहीर. मग ऐरण. अंधार दाटत होता आणि एकेक दिवा असा उमटत होता की वाटावं, गाव स्वतःच स्वतःला हळूहळू आठवत आहे. आठ दिवे लागले. चिंचेचा लागला नाही.

लोक थांबले. कुणीतरी म्हणालं, तार तुटली. तासाभराने चिंचेचा दिवाही लागला.

दर पाण्याला असंच व्हायला लागलं. आठ दिवे, मग खूप वेळ अंधारी चिंच, मग नववा. याचं कारण गावाला कळायला फार दिवस लागले नाहीत. चिंचगल्लीच्या मधोमध पाणीपुरवठ्याचे सभापती अण्णासाहेब राहायचे. त्यांच्या वाड्यात नळाला थेट मोटार लावलेली होती. त्यांची गच्चीवरची टाकी भरेपर्यंत पाणी पुढे जातच नसे. हे गल्लीला आधीही ठाऊक होतं. पण ते गल्लीपुरतं, दाराआड होतं. आता चौकात, चित्रासकट, दिसत होतं. चिंचेचा दिवा लागला की हॉटेलात बसलेले लोक एकमेकांना म्हणायचे, "भरली बरं का सभापतींची टाकी." आणि हसायचे.

अण्णासाहेब एका दुपारी गाळ्यावर आले. मी आत कोपऱ्यात कागद वाचत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे कुणी फारसं पाहत नसे, आणि त्यामुळे मला पुष्कळ ऐकायला मिळे.

"आप्पा, लई मोठं काम केलं तुमी. येत्या सभेत सत्कार ठेवावा म्हणतो."

"कशाला अण्णासाहेब. शेंगदाण्याएवढे तर दिवे हायती."

"फक्त ते चिंचगल्लीचं तेवढं दुरुस्त करा. तार खराब दिसती."

"तार चांगली हाय. सकाळीच पाहून आलतो."

"मग डबा खराब असंल."

"डबाबी चांगला हाय. पाणी उशिरा येतंय."

बाहेर एक टेम्पो गेला.

"आप्पा, लोक हसतेत," अण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले. त्या क्षणी ते मला रागावलेले नाही, दुखावलेले वाटले. "तेवढी एक गल्ली पहिल्यासारखी चावीवर घ्या. बाकीच्या राहू द्या तशाच. कुणाला काय कळतंय?"

"कुणालाच कळणार न्हाई. तेच तर अवघड हाय."

"तुमच्या गाळ्याचा करार संपत आलाय. मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

वीस वर्षं आप्पा त्या गाळ्यात बसत होते. तिथून चौक दिसायचा, बसस्टँड दिसायचं, गावात येणारं प्रत्येक बिघडलेलं यंत्र आधी तिथे थांबायचं. भावाचं किराणा दुकान होतं, पण तिथे तराजूपाशी बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. गाळा गेला तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आप्पांनी स्क्रू फिरवायचा पेचकस खाली ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, ते तयार होतील. खरं सांगायचं तर, व्हावेत असं मला वाटत होतं.

"घेतो चावीवर," ते म्हणाले. "तुमी सभापती हाव. म्हणत असाल तर आजच घेतो. पण मग चिंचगल्लीत दारोदार जाऊन सांगीन, की ही घंटी आता पाण्याची न्हाई, चावीची हाय. हिच्यावर कामधंदा सोडून पळत येऊ नका."

"हे कावून सांगायचं?"

"मागच्या बारीला मला मालूम नव्हतं, तवा खोटी वाजली. ती चूक झाली. आता मालूम असून वाजली तर ती चूक न्हाई ऱ्हात, अण्णासाहेब."

अण्णासाहेब उठले, चप्पल घातली आणि उन्हात चालू लागले.

पंधरा दिवसांत गाळ्यावर तो रिकामा करायचा कागद लागला. आप्पांनी तो मला वाचायला सांगितला नाही. तो मराठीतच होता. भिंत रंगवायची आहे म्हणून फळाही उतरवला गेला. भिंत रंगवली गेली नाही. पण फळा उतरवताना एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. घंट्या फळ्यावर अवलंबून नव्हत्या. प्रत्येक गल्लीची घंटी आपापल्या सेलवर, आपापल्या डब्यावर चालत होती, आणि सेल संपले की गल्लीतलंच कुणीतरी आणून घालत होतं. त्या तशाच वाजत राहिल्या.

मला वाटलं होतं, आप्पा आता भावाच्या दुकानात बसतील. ते गेले गयाबाईच्या ओट्यावर. "जागा रिकामीच हाय," ती म्हणाली होती, "अन् तुमी बसलात तर मी कामावर गेल्यावर घराला राखण व्हईल." तेव्हापासून गावातल्या लोकांना बिघडलेला पंखा उचलून चिंचगल्ली शेवटपर्यंत चालत जावं लागायचं. चौकातून आधी डावीकडे, मग सभापतींच्या वाड्यावरून पुढे, मग गटार ओलांडून. लोक कुरकुर करत, पण जात. ओट्यावर चिंचेची सावली होती. रेडिओ पोट उघडे टाकून त्या सावलीत पडलेले असायचे आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाऱ्यावर हलायच्या.

बाबांची पुन्हा बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी आप्पांचा निरोप घ्यायला गेले. पाण्याचाच दिवस होता. काय बोलायचं ते मी मनात पाठ केलं होतं. ओट्यावर आधीच कुणीतरी आलं होतं. सभापतींच्या पत्नी, शांताकाकू. काठापदराचं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि काखेत लहान मूल धरावं तसा एक जुना टेबलफॅन.

"आप्पा, ह्यांना सांगू नका मी आलते म्हणून," त्या म्हणत होत्या. "पण हा माझ्या माहेरचा हाय. दुसऱ्या कुणी उघडलेला मला चालत न्हाई."

"बसा वहिनी. पाणी आलं की बघतो."

"पाण्याचं काय काम त्याला?"

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. सकाळपासून ते एका मोटारीचं वंगण काढत होते, मनगटापर्यंत काळे. "हे हात लावू का तुमच्या माहेरच्या पंख्याला?"

"घागर रिकामी हाय," गयाबाई आतून म्हणाली, "न्हाईतर मीच वतलं असतं हातावर."

शांताकाकू बसल्या. मीही पायरीवर बसले. ऊन पांढरं होतं, सावली हिरवट होती, आणि गल्लीच्या मधून कुठूनतरी एक मोटार एकसारखी गुणगुणत होती. बाकीच्या गल्ल्यांच्या घंट्या वाजून गेल्या होत्या. गयाबाई सूप घेऊन बाहेर आली आणि ज्वारी निवडू लागली. तिचा ज्वारीचा आवाज आणि तो मोटारीचा आवाज, दोनच.

"पाण्याला किती वेळ लागतो इथं यायला?" शांताकाकूंनी विचारलं.

"टाकी भरली की येतंय," गयाबाई म्हणाली.

"कुणाची टाकी?"

गयाबाईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. आप्पा आपल्या काळ्या हातांकडे बघत बसले होते. शांताकाकूंनी मान थोडी कलती केली, गल्लीच्या वरच्या अंगाला. ती गुणगुण त्या रोज आतून ऐकत असणार. या टोकाकडून त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली असावी.

मग त्या उठल्या. पंखा तिथेच ठेवला, पदर सारखा केला आणि आल्या तशा चालत गेल्या. पांढऱ्या उन्हात त्यांचं हिरवं लुगडं लहान लहान होत गेलं.

थोड्या वेळाने मोटार थांबली.

एखादा आवाज थांबल्यावर जी शांतता येते, ती काही क्षण सगळीकडे पसरून राहिली. खड्ड्यातला नळ आधी खोकला, मग लांब श्वास सोडल्यासारखा झाला. डब्यात पाणी पडायला लागलं, आणि आमच्या डोक्यावर घंटी वाजली. गयाबाई सूप टाकून खड्ड्यात उतरली.

पुढच्या आठव्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही. मोटार कायमची निघाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आमचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. पाठ केलेलं मी काहीच बोलले नाही. मी तिथे आहे हे बहुतेक आप्पा विसरलेच होते. आप्पांनी गयाबाईची पहिली घागर भरू दिली, दुसरी भरू दिली. तिसरी भरत असताना तिच्याकडून एक तांब्या मागून घेतला, ओट्याच्या कडेला बसून सावकाश, बोटांच्या पेरापेरातून हात धुतले, धोतराला पुसले, आणि शांताकाकूंच्या माहेरचा पंखा मांडीवर घेतला.